शेऱ्याचा रकाना

पिल्लैंनी सोसायटीचं रजिस्टर माझ्याकडे वळवलं
आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.
बी-अकरा, सेक्टर सहा, कोपरखैरणे.
पहिलं नाव तुमचं, दुसरं माझं,
आणि शेऱ्यात, लाल शाईत:
‘बोजा. पतसंस्थेचे पत्र पाहावे.’
रिडेव्हलपमेंटच्या यादीत म्हणे
अशी घरं सगळ्यात शेवटी.

बोजा म्हटलं की मला खालचे डिसोझा आठवायचे.
स्लॅबला बोजा होतो, कुंड्या कमी करा, सांगून गेले होते.
मी शेवंती दिली, मोगरा दिला,
कढीपत्ता तेवढा ठेवला.

हणमंत शेलारच्या लेथ मशीनला
तुम्ही जामीन राहिलात.
सांगितलं नव्हतं असं नाही,
मी मेथी निवडत होते, तुम्ही पंख्याकडे बघत म्हणालात,
सहीच तर करायचीय.
मी म्हणाले, करा.
हे आता मलाच सांगायला हवं,
कारण वर्षभर मी सगळ्यांना सांगत आले
की मला काही माहीत नव्हतं.

रबाळ्याचा गाळा बंद पडला, मग हणमंत गेला.
नोटिसा तुमच्या नावाने आल्या असणार;
तुमच्या खणात, अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली
सात सापडल्या, इस्त्री केल्यासारख्या सपाट.
तिथेच ठेवायच्या होत्या तर
निदान फाडून तरी टाकायच्या!

ठाण्यात चरईतल्या एका जिन्यावर
अवसायकांचं ऑफिस आहे. पतसंस्था बुडाली,
तिची वसुली मात्र तरंगते आहे.
तांडेल नावाच्या बाईंनी खातं उघडलं.
मुद्दल चाळीस हजार. व्याज. दंडव्याज.
नोटिशीचा खर्च, तोही आपल्याच नावे.
मी खालची बेरीज बघत होते,
त्या म्हणाल्या, जमेची बाजू पण बघा.

तीनशे. तीनशे. अडीचशे. तीनशे.
एक महिना कोरा, पुढच्यात सहाशे.
अकरा वर्षं.
भरणा करणार: कुसुम हणमंत शेलार.

अकरा वर्षं, मंडईत ती दिसली
की मी कोथिंबीर न घेता वळत होते.
एकदा तिने हाक मारली होती.
मी पाठ फिरवली. पाठीला कान असतात,
ते मी बंद केले.

उरलेली रक्कम एकरकमी भरली, मार्चअखेरच्या आत.
मृणालची एफडी मोडली. ती काही बोलली नाही,
फक्त पावतीचा फोटो काढून ठेवला,
बाबांसारखं नको, म्हणाली.

काल पिल्लैंनी पत्र फाइलला लावलं,
पट्टी ठेवून त्या ओळीवर सरळ रेघ मारली.
मी म्हटलं, खोडून टाका ना पुरती.
नाही हो वहिनी, खोडायची नसते,
खालचं वाचता आलं पाहिजे.

तुमच्यावरचा राग अजून आहे.
तो कुठल्याच रजिस्टरात नाही,
त्यामुळे त्याचं काय करायचं ते पिल्लैंना विचारता येत नाही.

संध्याकाळी शेलारबाईंकडे जाईन म्हणते.
खोली कुठली ते तांडेलबाईंच्या कागदावर होतं, मी पाहून घेतलंय.
काय बोलायचं ते ठरलेलं नाही.
कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या तोडल्यात.
तिच्या दारात असेलही कढीपत्ता,
तरी.