साडेतीनशे पटीने लहान

हिद्दच्या गोदीत दिवसभर
खऱ्या जहाजाच्या पोटात वेल्डिंग करतो
आणि रात्री खोलीवर येऊन
पुन्हा जहाजच उघडतो. बुटाच्या खोक्यात मावणारं.

आमच्या बोटीचं किट कुणी काढलंच नाही.
म्हणून तिच्या नात्यातली एक परकी फ्रिगेट मागवली
आणि तिला कापत बसलो.

हँगर आखूड होता. रिचार्ज कार्डं कापून वाढवला.
भेगांत पुट्टी भरली. जुलैत इथे
पुट्टी बोटावरच वाळते.
तोफेची नळी बोथट, खडूसारखी;
तिच्या जागी माझ्या इन्सुलिनची सुई.
डॉक्टर म्हणतो, रोज टोचा. टोचतो,
मग सुई धुऊन डबीत ठेवतो.

किटचा उरलेला सांगाडा उदबत्तीवर धरून ताणला
की केसाएवढी तार निघते. ती एरियल.
पितळी शिडी, नखाहून लहान,
एका गुरुवारी एसीच्या झोतात उडाली.
तुफैल आणि मी, पन्नाशीचे दोघं,
मोबाइलच्या उजेडात पलंगाखाली पालथे.
त्याच्याच मोज्याला चिकटून निघाली.

तुफैल रंगारी. कराचीच्या गोदीत वाढलेला.
"गंज असा नसतो," म्हणाला,
"नांगराच्या भोकातून खाली येतो,
पान खाऊन थुंकल्यासारखा."
दोन केसांच्या ब्रशनं ओढून दाखवला.
बोट कुणाची, ते विचारलं नाही.
झेंडा मी अजून लावला नव्हता.
तांदळाच्या दाण्याएवढा. डबीत होता.

शेवटी राहिला पोचा.
डाव्या कुशीला, हातभर आत गेलेला.
विशाखापट्टणमच्या धक्क्याला रात्री
आम्हीच बोट घासली होती.
सुकाणूवर सावळाराम केळुसकर,
चूक इंजिनरूमची. म्हणजे माझी.
बढती त्याची गेली.
मी चौकशीत "येस सर" एवढंच म्हणालो.
पुढे बोट भंगारात गेली. सावळारामही गेला.
आता पोचा कुठे आहे, ते मलाच माहीत.

हातभराला साडेतीनशेनं भागलं:
दीड मिलिमीटर.
चमच्याची दांडी तापवली, टेकवली, उचलली.
एवढ्याशा जागेत मावला.

फळी एकच. बोट ठेवली
तर नाळ तुफैलच्या उशीकडे, तोफ रोखलेली.
तो नमाजला गेला तेव्हा मी ती फिरवली.
आल्यावर त्यानं पुन्हा होती तशी केली.
"एसी माझ्या डोक्यावर आहे," म्हणाला.
"बोटीनं वाऱ्याला तोंड द्यायचं.
नेव्हीत एवढंही नाही शिकवलं?"

मग मी डबी उघडली.
चिमट्याच्या टोकावर तांदळाएवढा झेंडा,
माझा हात थरथरणारा.
तुफैल उठला आणि त्यानं एसी बंद केला.

बाहेर रात्रीचे अडतीस अंश.
दोघं घामानं निथळत, श्वास धरून.