प्रमाणरेषा

लामारा त्सिक्लाउरी फूल उकळायची
रॉकेलच्या स्टोव्हवर, त्याच पातेल्यात
ज्यात घटकाभरापूर्वी आमचा चहा झालेला असे.
त्या हिवाळ्यात त्बिलिसीत वीज यायची
आणि उंबऱ्यावरूनच परत फिरायची.
हर्बेरियमच्या तिसऱ्या मजल्यावर शाई गोठे;
ती दौत काखेत धरून बसे,
अंडं उबवावं तशी.

चिठ्ठीवर लिहिलेलं: तुशेती, खडकाळ उतार, रंग निळा.
आता रंग चोथ्याचा.
मी म्हणाले, उलगडत का नाही?
"साठ वर्षं एका कुशीवर झोपलंय ते," लामारा म्हणाली,
"घाई करू नकोस."
मग पाण्यात एक पाकळी सैलावली
आणि ती सुईच्या टोकानं पुंकेसर सुटे करू लागली,
लहान मुलीच्या केसांतला गुंता सोडवावा
तितक्या बेतानं.

मी तेव्हा नमुने कागदावर शिवायला होते.
मला वाटायचं, दिसतं ते काढायचं, एवढंच.
पण पानाला अळीनं पाडलेलं भोक होतं
आणि डॉक्टर ओतार म्हणाले, भोक नको.
ते या एका झाडाचं. प्रजातीचं नव्हे.
पाचवा पुंकेसर तुटून कधीच हरवला होता,
तो मात्र हवा.
लामारानं मान डोलावली.
टिंब. टिंब. टिंब.
उजेड डावीकडून, वरून येतो, असा चित्रांचा नियम.
आमची एकुलती खिडकी उजवीकडे होती.

देठावरचे केस तिनं भिंगाखाली मोजले, एकशे बारा.
दोन कमी काढले तर कुणाला कळणार?
तिनं पेनानं त्या वाळक्या काडीकडे दाखवलं
आणि पुन्हा मोजायला लागली,
माझ्यामुळे आकडा चुकला होता.

चित्रफलक छापून आला. खाली प्रमाणरेषा, पाच मिलिमीटर.
लेख ओतारांचा. झाडाला नाव
कुणा परदेशी प्राध्यापकाचं, जो तुशेतीला कधी गेलाच नाही.
लामाराचं नाव शोधायला मी भिंग घेतलं.
नव्हतं.

परवा, किल्ल्या माझ्याकडे आल्यावर,
खालच्या खणात तिचा ट्रेसिंग पेपर सापडला.
पेन्सिलीत तेच पान, आणि त्यावर ते भोक,
कडेला अळीच्या दातांचे खळगे
एकेक.
शेजारी त्याची स्वतःची प्रमाणरेषा,
एक मिलिमीटर.
आणि सावली
डावीकडे पडलेली.