पंधरा लाख

पंधरा लाख म्हटलं की केवढे वाटतात.
तुग्रिकमध्ये मोजा.
गाड्या धुण्याचा एक अख्खा हिवाळा,
पाइपातलं पाणी गोठून पाइप फुटेपर्यंतचा,
बोटांवरच्या भेगांसकट: पंधरा लाख.
त्यात चाळीस हजार आईचे,
न मागता उशीखाली आलेले,
म्हणून ते सगळ्यात शेवटी मोडायचे.

यादी पावतीच्या पाठीवर केली.
पहिल्या रात्री जवळजवळ सगळं ग्राफिक्स कार्डाला दिलं
आणि स्वप्नात गवताचं पातं न् पातं वेगळं हललं.

सकाळी ऑर्गिलकडे गेले.
त्याचं दुकान म्हणजे जिन्याखाली काचेचं एक कपाट
आणि त्यामागे तो, डोक्यावरची टोपी कधीच न काढणारा.
यादी वाचून म्हणाला,
"नाकापेक्षा मोती जड, नोमुंदारी.
प्रोसेसर धापा टाकत राहील
आणि तुझं हे राजेशाही कार्ड नुसतं वाट बघेल."
मी खोडलं. पुन्हा लिहिलं.
पावती फाटली तेव्हा तळहातावर लिहिलं.

मग जुनं कार्ड, कुणीतरी वापरलेलं.
नाणी खणण्याच्या कारखान्यात राबलं नाही ना?
ऑर्गिलने आईची शपथ घेतली.
मी त्याच्या आईला ओळखते, म्हणून
पंखा बोटाने फिरवून कान लावला,
स्क्रूंची डोकी झिजलीत का पाहिलं,
वास घेतला.
धूळ होती. जळकं काही नव्हतं.

पॉवर सप्लाय मात्र नवाकोरा घेतला.
तो हलका, बिननावाचा पुढे करत होता.
मी म्हटलं, आमच्या उतारावर ये एकदा संध्याकाळी सहाला,
सगळे हीटर एकदम लागतात
आणि दिवा आजारी माणसासारखा पिवळा पडतो.
इथे दात कोरून पोट भरायचं नाही.

एवढं झालं, आणि पेटीला पैसेच उरले नाहीत.
रॅमची पट्टी एक. पाहिजेत दोन.

बाबा चुली बनवतात.
आमच्या गल्लीतल्या निम्म्या गेर त्यांच्या पत्र्यावर तापतात.
ऑर्गिलकडची एक लाख वीस हजारांची पेटी
दाखवायला म्हणून मी फोटो पुढे केला.
"पत्रा केवढा जाड?"
माहीत नव्हतं.
"आत तापतं काय?"
सगळंच.
"मग गार हवा शिरते कुठून?"
समोर सपाट काच होती. आत निळे दिवे.
फोटोवर नख टेकवून ते बराच वेळ हसले.
"हिला झरोका नाही, धुराडं नाही. गुदमरून मरेल बिचारी."

खडूने जमिनीवर बाण काढले:
खालून गार, मागून वर ऊन.
"चूलच आहे ही. धूर तेवढा निघत नाही."
निघाला तर?
"तर तुझे पंधरा लाख निघाले."

दोन दिवस कातरी, हातोडा.
कार्डाची लांबी त्यांनी बोटांनी मोजली होती,
चार बोटं कमी पडली,
मग कडेला पत्र्याचं टेंगूळ आलं.
ते तसंच आहे. गालात लिमलेट धरल्यासारखं.

वाचलेल्या पैशांत दुसरी पट्टी आली.
मॉनिटर तारणाच्या दुकानातला, उजवीकडे एक हिरवी रेघ,
कुणाचा तरी हप्ता चुकला त्याची.

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा.
पोटात गोळा.
पट्टी नीट बसली नव्हती. अंगठ्याने दाबली,
टक् झालं,
आणि बाबा म्हणाले, "पेटली."

खेळ अजून उतरतोय. एकसष्ट टक्के,
कालपासून एकसष्टच.
आईला विचारलं, तुझ्या चाळीस हजारांत चांगला माउस घेऊ?
ती पिठाचा डबा झाकत म्हणाली,
घरात उंदीर आहेत तेवढे पुरेत.

रात्री वीज स्वस्त होते तेव्हा मी मशीन लावते.
वरच्या झरोक्यावर बाबांचे ओले हातमोजे वाळत असतात.
मी उचलते, हवा अडते म्हणून.
ते पुन्हा आणून ठेवतात.