पुकारा

कमळाकर पोशा मढवी, हाजीर होऽऽ
तीनदा. तीनदाच पुकारायचं असतं,
तिसऱ्यांदा गळ्याची शीर ताणून.
एकवीस वर्षं मी हेच करतो, ठाण्याच्या दिवाणी कोर्टात.
माझं नाव कुणी पुकारत नाही, शिपाई म्हणतात.

व्हरांड्याच्या टोकाला खिडकी.
खिडकीतून किल्ल्याची भिंत दिसते,
भिंतीच्या आत वादी.
इथला चहावाला पोऱ्या तिथल्या गेटवर किटली नेतो
तर साय धरायच्या आत पोचतो,
एवढंच अंतर.
पण मढवींना आणायला पोलीस पार्टी लागते
आणि पार्टी कधी बंदोबस्ताला, कधी कुणाच्या सभेला,
एकदा नुसतीच 'उपलब्ध नाही',
खाली गोल शिक्का, शिक्क्यात अर्धी तारीख.

दावा कसला, तर कवळीचा.
वरच्या. झडतीत काढून घेतली,
पाकिटात घातली, रजिस्टरात चढवली: दात, नग एक.
मग बरॅक बदलली, हवालदार बदलले,
पाकीट कुठल्या कपाटात गेलं ते कपाटालाच ठाऊक.
भरपाई मागितली सहा हजार पाचशे,
आणि खाली वेगळ्या ओळीत, वकील नसल्यामुळे सुचलेलं:
'शिवाय चौदा महिने चपाती वरणात भिजवून गिळली
त्याचे कोर्ट ठरवील ते.'
शिरस्तेदार हसले होते तेव्हा.
मीही हसलो.

एकदा पडद्यावर आले होते मढवी.
निळसर खोली, मागे पंखा.
साहेबांनी विचारलं, काय म्हणणं आहे?
त्यांनी सांगितलं. बराच वेळ सांगितलं.
नुसती हवा आली.
स्टेनोबाई बोटं अधांतरी धरून बसल्या.

कोपरीच्या शाळेत गुरुजी आम्हाला म्हणायचे,
त थ द ध न,
जीभ दातांना लावून बघा. लागली?
म्हणून दंत्य.
मढवींची जीभ वर जायची
आणि तिथे काहीच नसायचं.
दात म्हणता येईना, दावा म्हणता येईना,
दाद तर दोन्हीकडून गळत होती.
आवाज नीट नाही, साहेब म्हणाले, पुढची तारीख.

त्या तारखेला पडदाच लागला नाही.
सरकारी वकील उठले, ऐंशी कलमाची नोटीसही नाही म्हणाले, बसले.
हुकूम दोन ओळींचा:
'वारंवार पुकारूनही वादी गैरहजर.
सबब दावा काढून टाकण्यात येतो.'
पुकारणारा मी.
त्या दोन ओळींत तेवढाच मी आहे.

नक्कल मीच घेऊन गेलो, डाकबुकात सही घ्यायला.
गेटवरच्याने लखोटा उलटसुलट केला.
मी विचारलं, मढवी आहेत ना?
'आहे की. जाणार कुठं?'

दावा परत लावून घ्यायचा तर मुदत तीस दिवस.
एकोणतिसाव्या दिवशी अर्ज आला,
वहीचा फाडलेला कागद, निळं बॉलपेन.
आवकचा शिक्का मारून मी तो पालथा घातला
तर बोटांना लागलं,
प्रत्येक द इतका दाबून लिहिलेला
की मागच्या बाजूने उठला होता.

शिरस्तेदारांनी चष्मा कपाळावर सारला,
कागद उजेडात धरला, खाली-वर पाहिला.
'तिकीट कुठंय?' म्हणाले.