उलटा के

टोपीवर एक बगळा, एका पायावर उभा.
चोचीत मासा शिवायचं कारागिराला सुचलं नसावं,
किंवा आमचा संघ त्याला ठाऊक असावा.

पोर्ट हॅलोरन हेरन्स.
सरोवराकाठचं गाव, बंद पडलेली कागदाची गिरणी,
आणि तिसऱ्या बेसच्या अंगाला पत्र्याचा स्टँड.
रांग नऊ, खुर्ची चार.
कितीही ठोकला तरी एक खिळा वर येतोच,
माझे तीन स्कर्ट त्याला ओळखतात.

सकाळी मी शाळेची बस चालवते,
संध्याकाळी हरते.
मोसमात सत्तर सामने. गेल्या वर्षी एकोणीस जिंकलो,
तर गावच्या पेपरानं त्याला सुधारणा म्हटलं.

भाचा म्हणतो, मावशी, क्लीव्हलँडचा संघ धर ना,
टीव्हीवर तरी दिसतो.
मी म्हणते, ही बस नव्हे रे,
एक चुकली म्हणून मागचीत बसायला.

वडिलांनी मला अक्षरांच्या आधी स्कोअरबुक शिकवलं.
पिचर एक, कॅचर दोन.
बॅट फिरवून तिसऱ्यांदा चुकला, तर के.
नुसता बघत राहिला, चेंडू गेला,
बॅट खांद्यावरच,
तर उलटा के.
'हा जास्त लागतो,' ते म्हणाले
आणि पेन्सिल कानावर ठेवली.
याहून लांब असं काही ते माझ्याशी बोलल्याचं
मला आठवत नाही.

शेजारच्या खुर्चीत क्लेमेंट डुडेक. वय एक्याऐंशी.
सातव्या डावात उठतो, गुडघे मोकळे करतो,
फलकाकडे बघतो. नऊ–शून्य.
म्हणतो, 'अजून काही बिघडलेलं नाही.'
गिरणीला कुलूप लागलं त्या दिवशीही हेच म्हणाला होता.
रोझलीच्या दफनानंतर, चर्चच्या तळघरात,
हातात बटाट्याच्या सॅलडची बशी घेऊनही.
हसावं की काय, कुणाला कळेना.

ऑगस्टमधली गोष्ट. पाचवा डाव, सात–शून्यनं मागे.
क्लेमेंट एकदम गप्प झाला,
हात छातीवर, राष्ट्रगीताला ठेवतात तसा.
शेंगदाणे विकणाऱ्या टोबायसच्या हातात मी वही कोंबली.
भर बाबा, एकही चेंडू सोडू नकोस.
गाडीत क्लेमेंट एवढंच म्हणाला,
'आपण कधी मध्येच उठलो नव्हतो.'

आणि त्या रात्री ते जिंकले.
आठ–सात. शेवटच्या फटक्यावर.
लोक मैदानात उतरले म्हणे, कुणीतरी नळ फोडला,
बेकरीवाल्या विल्माने अनोळखी माणसाचा मुका घेतला.
आम्ही मात्र एका निळ्या पडद्याआड
यंत्राची टिकटिक मोजत बसलो होतो.

सकाळी टोबायस वही घेऊन आला.
हिरव्या बॉलपेननं भरलेली. मी आयुष्यभर पेन्सिल वापरली,
खोडता येतं म्हणून.
क्लेमेंटनं चौकट न् चौकट बोट ठेवून वाचली,
दोनदा.
मग चष्मा काढला.
'खोटं आहे. सहाव्यात चार बाद दाखवलेत.'
खरंच होते चार.
मी ते दुरुस्त केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा–दोननं हरलो,
आणि मला, का कोण जाणे, हायसं वाटलं.

आता एप्रिल. सरोवरावरून बोचरा वारा.
पनामाहून आलेला एकोणीस वर्षांचा पोरगा माऊंडवर
बोटांवर फुंकर घालतोय, असली थंडी त्यानं
बापजन्मात पाहिली नसणार.
क्लेमेंट आला, मांडीवर घोंगडी, खिशात गोळ्या.
सातव्या डावात तो उठला नाही.
मी उठले. सहा–एक होतं.
तो माझ्याकडे बघत राहिला,
आता हिनं म्हणावं म्हणून.
शब्द ओठांशी आले, सावकाश,
अगदी मधोमध येणाऱ्या चेंडूसारखे.
मी खाली बसले. पेन्सिलीला टोक काढू लागले.

'उलटा के,' क्लेमेंट म्हणाला,
आणि शेंगदाण्याचा पुडा माझ्याकडे सरकवला.