मुदत

लिहून देणार: ल्यूबा, वय एकतीस.
लिहून घेणार: मी, झिनाइदा, सोरोका पोस्टातली.
नातं? नगरपालिकेच्या कारकुनानं विचारलं.
भिंतीपलीकडची, मी म्हटलं.
त्यानं लिहिलं, "काही नाही".

मग चष्मा पुसून वाचून दाखवलं:
शाळा, दवाखाना, लसी, सहलीची परवानगी,
चालेल.
देशाबाहेर नेणं, दत्तक देणं, नाव बदलणं,
नाही चालणार.
मुदत अकरा महिने.
ल्यूबा ओळीओळीला मान हलवत होती
उधारीची वही तपासावी तशी.
सांडू बाकावर पाय हलवत
शिक्का कधी आपटतोय याची वाट बघत होता.

बस रात्रीची. बोलोन्यापर्यंत दोन दिवस.
चढताना तिनं जे सांगितलं ते कागदात नव्हतं:
दुधावरची साय काढून टाक,
खोटं बोलताना कान खाजवतो,
आणि रडला तर लगेच जवळ घेऊ नकोस, आवडत नाही त्याला.
मग स्वतःच त्याला जवळ घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात तो अक्रोडावरून पडला.
हनुवटीला चार टाके.
सही कोण करणार? डॉक्टरीणबाईंनी विचारलं.
सव्वीस वर्षं मी लोकांच्या सह्या घेतल्या,
पार्सल सरकवलं, पावती फाडली, पुढचा माणूस.
त्या दिवशी स्वतःच्याच नावातलं एक अक्षर गाळलं.
"असं नाही लिहीत," सांडू म्हणाला,
हनुवटीवर माझा रुमाल दाबून.

ल्यूबाला रात्री सांगितलं, टाके घालून झाल्यावर.
पलीकडे काहीच नाही.
मग कुणाचा तरी खोकला.
थांब हं, ती म्हणाली, म्हाताऱ्याला कुशीवर वळवते.
मी थांबले.
कुणा लेकीनं
तोही असाच दिला असेल ना तिच्या ताब्यात,
सही करून, औषधांच्या वेळा सांगून.

कागद जॅमच्या बरणीमागे आहे. घडीवर डाग पडलाय.
रागवायचं किती, ते त्यात नाही.
एकदा मी फार रागावले.
त्या संध्याकाळी साय काढायची राहिली
आणि त्यानं ती मुकाट्यानं खाल्ली.

आता निस्त्रू काठाकाठानं गोठलीय.
आज सकाळी बूट चढवून तो दारात उभा,
टोपी कानांपर्यंत, हनुवटीवर गुलाबी रेघ.
"सगळी पोरं बर्फावर आहेत. मी जाऊ?"

मी मागे वळून पाहिलं,
कुणाला विचारतोय.