नऊ मिनिटं

मार्चअखेर. राजापुरी हळदीची आवक शिगेला.
आडतीवरून पाय निघता निघता शेठ म्हणतात,
"वहिनी, तेवढी एक पट्टी जुळवून जा."
ती एक जुळेपर्यंत आठ वाजून दहा.

नखांत हळद, ओढणीला हळद,
स्कूटीच्या हँडलवर पिवळे ठसे.
विश्रामबागच्या सिग्नलला उभी राहून
मी मनातल्या मनात फ्रीज उघडते :
दोन टोमॅटो, त्यातला एक मऊ पडलेला,
अर्धी ढोबळी,
चीजचे चार चौकोन. म्हणजे दोनच.
दोन नंदूने शाळेतून आल्या आल्या संपवले असणार.
भाकऱ्या थापायला हात उठणार नाहीत.
पास्ता.

हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आला
तो वाढदिवसाला, केकच्या मागोमाग, पाहुण्यासारखा अवघडून.
आता दर आठवड्याला येतो
आणि सरळ ओट्यापर्यंत जातो.

दार ढकललं तर स्वयंपाकघरात दिवा.
गॅससमोर मामंजी.
चाळीस वर्षं यार्डात तोलाई केलेला माणूस,
पोत्याला नुसता हात लावून किलो सांगणारा,
ज्याने स्वतःच्या चहाचं आधण ठेवलेलं
मी तरी कधी पाहिलं नाही,
तो मोठं पातेलं चढवून, हात मागे बांधून
पाण्याकडे बघत उभा.
"पोरगी म्हणाली आज नळ्या. म्हणून पाणी ठेवलं.
पुढचं काय आम्हाला ठाऊक नाही."

नळ्या ताटात काढून ठेवलेल्या.
किती घेतल्या, मी विचारलं.
"पावणेतीनशे."
नंदूने केकसाठी आणलेला काटा काढला.
दोनशे ऐंशी.
"पाच ग्रॅम चुकलं, आजोबा!"
"ताट ओलं होतं," ते म्हणाले,
आणि ते खरंच ओलं होतं.

मी पाण्यात मीठ टाकलं, नळ्या सोडल्या, लसूण ठेचायला घेतला.
"किती वेळ?"
मी सांगणार तेवढ्यात त्यांनी खांद्यावरचा टॉवेल
आपल्या उजव्या हातावर टाकला
आणि हात माझ्यापुढे केला.
"असं सांग. पूर्वी सौदे असेच व्हायचे.
अख्खा पंजा धरला की पाच. वरची बोटं मोजून."

लग्नाला सोळा वर्षं झाली.
हा हात मला डोक्यावरून माहीत होता,
सणावाराला वाकल्यावर अलगद टेकणारा.
मी ओट्यावर हात पुसला, टॉवेलखाली घातला,
आधी पंजा धरला, मग चार बोटं.
चामडं जाड, दोऱ्या ओढून ओढून टणक झालेलं.
"नऊ," ते म्हणाले. "सौदा झाला."
आणि भिंतीवरच्या घड्याळाखाली जाऊन उभे राहिले.

नऊ मिनिटांत
लसूण तांबूस झाला, टोमॅटो विरघळला,
ढोबळी अर्धवट कच्ची राहिली ती राहिली.
वरून चमचाभर कांदा-लसूण मसाला,
कारण त्याच्याशिवाय मामंजी म्हणतात, "आजाऱ्याचं जेवण."
चीजचा एकच चौकोन निघाला.
मी नंदूकडे बघितलं. नंदूने पंख्याकडे.

पहिला घास, आणि तिघंही गप्प.
खारट. नुसतं खारट नाही, मिठागर.
"तुम्ही पाण्यात मीठ घातलं होतं?"
"घातलं की. भाताला घालतात ना?"
मग थोडं थांबून,
"म्हणजे दोनदा तोललं गेलं."

नंदूला ठसका लागेपर्यंत हसू आलं.
मी दह्याचं भांडं मधे ठेवलं.
नळ्या दह्यात बुडवून, सकाळच्या शिळ्या चपातीत गुंडाळून
आम्ही सगळ्या संपवल्या.
मामंजी एकेक नळी उचलून
तिच्यातून दिव्याकडे बघत खात होते.
ह्यांच्या वाटणीचा डबा झाकून ठेवला,
पुण्याची फेरी करून दीड वाजता येतील,
काही न बोलता खातील आणि तांब्याभर पाणी पितील.

भांडी झाल्यावर टॉवेल धुवायला घेतला.
आतल्या बाजूला माझी बोटं उमटलेली, पिवळी,
किती ते मोजता येत नव्हतं, एकावर एक.
साबण लागला की हळद लाल होते,
मग दोन दिवस उन्हात घातली की जाते.
मी नुसत्या पाण्यातून काढला
आणि दोरीवर टाकला.